सगळं पाणी जिथून जातं

नदीच्या उगमापेक्षा ती जिथे देश सोडते ती जागा मला जास्त ओढ लावते. उगमाशी नदीकडे सांगण्यासारखं काही नसतं. देश सोडताना मात्र ती सगळं घेऊन आलेली असते.

चेक प्रजासत्ताकाच्या उत्तर सीमेवर ह्र्झेन्स्को नावाचं दोन-तीनशे वस्तीचं गाव आहे. लाबे नदी इथून जर्मनीत शिरते. पुढे जग तिला एल्ब म्हणतं. या देशाला समुद्र नाही आणि त्यातली सर्वांत सखल जागा हीच, समुद्रसपाटीपासून अवघी ११५ मीटर. बोहेमियाच्या चारी अंगांना डोंगर आहेत. आत पडलेला जवळजवळ सगळा पाऊस व्ल्तावा, ओहर्झे, लाबे असा एकात एक मिसळत जातो आणि मोठ्या छपराचं पाणी एकाच पन्हळीतून पडावं तसा या एका खिंडीतून बाहेर पडतो. प्रागच्या पुलांखालून गेलेलं पाणी पुढे ह्र्झेन्स्कोच्या दारावरून जातं. समोरचा काठ जर्मनीचा. तिथे जायला छोटी तर आहे, आणि त्या काठाने ड्रेस्डेनला जाणारी आगगाडी १८५१ पासून धावते आहे.

गाव लाबेच्या काठी आहे खरं, पण वसलं आहे कामेनित्सेच्या घळीत. ही छोटी नदी इथे लाबेला मिळते. दोन्हीकडे वालुकाश्माचे उभे कडे आणि मध्ये जेमतेम एक रस्ता, एक प्रवाह, घरांची एक रांग. काही घरांची पाठ थेट कातळाला टेकलेली. ऊन उशिरा येतं, लवकर जातं. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साठलेल्या वाळूचा हा दगड झाला आणि पाण्याने पुन्हा तो चिरत नेला. त्याच दगडातून, गावावरच्या डोंगरात, प्राव्चित्स्का ब्राना ही कमान कोरली गेली. तिचा गाळा साडेसव्वीस मीटरचा. युरोपातली वालुकाश्माची ही सर्वांत मोठी नैसर्गिक कमान. माणसांच्या पावलांनी ती झिजू लागली, म्हणून १९८२ पासून तिच्या माथ्यावर कुणाला जाऊ देत नाहीत. हा निर्णय मला फार आवडतो. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यावर चढायलाच हवं असं नाही.

घळीतल्या एका गोष्टीचं नवल मात्र सरत नाही. कामेनित्सेच्या खोल चिरेत थंड हवा साचून राहते. ऊन तळापर्यंत पोचत नाही. त्यामुळे एरवी उंच पर्वतांवर सापडणारं पिवळं व्हायोलेट इथे तळाशी फुलतं. देशातल्या सर्वांत सखल गावाशेजारी पर्वतावरची फुलं!

गावाची सुरुवात एका खाणावळीपासून झाली. लाबेवरून माल नेणारे नावाडी आणि लाकडाचे व्यापारी इथे मुक्काम करत. वरच्या जंगलात तोडलेले ओंडके कामेनित्सेतून सुटे सोडले जात. संगमावर ते बाहेर काढायचे, त्यांचे तराफे बांधायचे आणि लाबेवरून जर्मनीतल्या सॅक्सनीला न्यायचे. ओंडके पुढे ढकलायला पाणी हवं म्हणून नदीवर बांध घातलेले होते. पुढे जर्मन चित्रकार आणि त्यांच्यामागून प्रवासी या कड्यांच्या प्रदेशात आले, तेव्हा जमीनदार असलेल्या प्रिन्स एडमंड क्लारी-आल्ड्रिंगेन यांनी कमानीपाशी 'ससाण्याचं घरटं' ही वास्तू उभारली आणि १८९० मध्ये घळ लोकांसाठी खुली केली. कातळात बोगदे खोदले, कड्यांना चिकटून पायवाटा काढल्या. जिथे पायवाट शक्यच नव्हती, तिथे तुंबवलेल्या पाण्यातून नाव चालू लागली. इंजिन नसे, नावाडी लांब काठीने तळ रेटत नाव पुढे नेई आणि जाता जाता कड्यांमध्ये दडलेले चेहरे दाखवी.

हे नावाडी, खाणावळवाले, तराफेवाले पिढ्यान् पिढ्या जर्मन बोलत. गावाला तेव्हा हेर्न्सक्रेट्शेन म्हणत. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हा सगळा पट्टा हिटलरच्या राज्यात गेला. युद्ध संपलं आणि चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनभाषकांना घालवून देण्यात आलं. क्लारी-आल्ड्रिंगेन घराणंही गेलं. कामेनित्सेच्या वरच्या अंगाला एक जुनी गिरणी आहे, डोल्स्की म्लीन. तिचे मालक गेल्यावर ती ओस पडली. १९५२ च्या 'पिश्ना प्रिंसेझ्ना' या परीकथेच्या चित्रपटात ती दिसते आणि आज चेक मुलं तिला परीकथेतली गिरणी म्हणूनच ओळखतात. भिंतींवर आता झाडं उगवली आहेत. नाझी राजवटीने चेकांवर केलेले अत्याचार अक्षम्यच होते. तरी एका गावची सगळी बोली, सगळी टोपणनावं, कोणत्या वळणावर नाव जपून न्यायची ही माहिती एका वर्षात काठावरून उठून जाते, तेव्हा काय नाहीसं होतं याचा हिशेब कुठल्याच करारात मांडलेला नसतो, असं मला वाटतं.

१९८९ नंतर सीमा सैल झाली आणि गावच्या रस्त्याकडेला टपऱ्या उभ्या राहिल्या. सिगारेटी, कपडे, बागेत ठेवायचे मातीचे बुटके. गिऱ्हाईक जर्मन, विक्रेते बहुतेक व्हिएतनामी. समाजवादी काळात दोन देशांतल्या करारांमुळे शिकायला आणि कारखान्यांत राबायला आलेली माणसं पुढे इथेच राहिली. अनेक प्रवासी या टपऱ्यांनी गावाचं रूप बिघडवलं म्हणून हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. खाणावळवाला जे करत होता तेच ही माणसं करताहेत : वाटसरूच्या वाटेवर दुकान मांडून लेकरं वाढवताहेत.

२०२२ च्या जुलैत मात्र गावाला कुणीच आलेलं नको होतं. त्या महिन्याच्या २४ तारखेला वरच्या राष्ट्रीय उद्यानात आग लागली. उन्हाळे कोरडे गेले होते आणि खोडकिड्यांनी स्प्रूसची हजारो झाडं उभ्या उभ्या वाळवली होती. एक हजार हेक्टरांहून जास्त जंगल पेटलं. आग सीमा ओलांडून सॅक्सनीत गेली. ह्र्झेन्स्कोचाच भाग असलेल्या मेझ्नामध्ये घरं जळाली. गाव रिकामं केलं गेलं. इटलीहून विमानं आली, शेजारी देशांची हेलिकॉप्टरं आली. त्याच उन्हाळ्यात वरच्या बाजूला द्येचीनपाशी लाबे इतकी आटली, की तळातला 'भुकेचा दगड' उघडा पडला. दुष्काळाची वर्षं त्यावर कोरलेली आहेत. वाचता येणारं सर्वांत जुनं १६१६. त्याच्या वीस वर्षं आधी, २००२ च्या ऑगस्टमध्ये, हीच नदी या गावातल्या घरांत शिरली होती. वरच्या देशात पाणी जास्त झालं तरी आणि उरलं नाही तरी ते इथे दिसतं.

जळालेल्या उतारांवर आता बर्च आणि अॅस्पेनची रोपं मुद्दाम न लावता आपणच उगवली आहेत. आणि नदीत सॅल्मन आहे. विसाव्या शतकात धरणं आणि घाण पाणी यांमुळे तो चेक नद्यांतून नाहीसा झाला होता. १९९८ पासून कामेनित्सेत त्याची पिल्लं सोडायला सुरुवात झाली. उस्तीजवळच्या स्त्रझेकोवचा बंधारा लाबेवरचा या देशातला शेवटचा. तिथून खाली थेट हॅम्बुर्गजवळच्या गेस्टहाख्तपर्यंत नदी मोकळी वाहते, आणि तिथल्या बंधाऱ्याला माशांसाठी वाट ठेवलेली आहे. पिल्लं उत्तर समुद्रात जातात, मोठी होतात, आणि त्यातले काही मासे सातशेहून जास्त किलोमीटर उलट पोहून, वासाने पाणी ओळखत, याच संगमावर उजवीकडची मोठी नदी सोडून डावीकडच्या अरुंद घळीत वळतात. अंडी घालायला त्यांना स्वच्छ, थंड, वाहतं पाणी आणि तळाशी खडे लागतात. कामेनित्सेत हे सगळं अजून आहे.