उंटावरून उतरायचं किती?

गिझाच्या पठारावर उंटावर चढायला पैसे पडत नाहीत. निदान उंटवाला तरी तसंच सांगतो. ‘फ्री, माय फ्रेंड, ओन्ली फोटो.’ उंट गुडघे दुमडून बसलेला असतो, मागे खुफूचा पिरॅमिड असतो, आणि पुण्याहून ग्रुप टूरबरोबर आलेल्या काकूंना वाटतं, नुसतं बसायला काय जातंय. काकू बसतात. उंट आधी मागच्या पायांवर उठतो, काकू पुढे कोसळता कोसळता ‘अहो!’ म्हणून ओरडतात, मग तो पुढचे पाय सरळ करतो आणि काकू सगळ्या ग्रुपच्या डोक्यावर जाऊन बसतात. काका भराभर फोटो काढतात. ‘बास, आता उतरवा,’ असं म्हटलं, की बोलणी सुरू होतात. वीस डॉलर. चढायचे नव्हेत, उतरायचे. घासाघीस करणाऱ्याचे पाय जमिनीवर असावे लागतात, ही अट तुळशीबागेत कधी कुणाला जाणवलेलीच नसते.

या पठारावरची चिकाटी आजकालची नाही. मार्क ट्वेन १८६७ मध्ये इथे आला, तेव्हा त्याला दंडाला धरून ओढत पिरॅमिडवर चढवणारे लोक वाटेत सतत बक्षिशी मागत होते. वर पोचल्यावर एकाने तर पैजच मांडली. हा पिरॅमिड उतरून, शेजारचा खाफ्रेचा चढून-उतरून नऊ मिनिटांत परत वर येतो, एक डॉलर द्या. ट्वेनची त्यावरची चडफड ‘द इनोसंट्स अब्रॉड’मध्ये सविस्तर आहे. दीडशे वर्षांत डॉलरचं काय काय झालं, पण ‘वन डॉलर, वन डॉलर’ ही गिझातली हाक काही बदललेली नाही. ट्वेननंतर काही वर्षांनी अमेलिया एडवर्ड्स ही इंग्रज लेखिका नाईलवरून लुक्सॉरला पोचली. तिथे तिच्याभोवती ‘अस्सल’ पुराणवस्तू विकणाऱ्यांचा गराडा पडायचा. एकदा ती चुकून भलत्याच घरात शिरली आणि समोर पाहते तो टेबलांवर अर्धवट कोरलेले ताईत, मूर्ती आणि हत्यारं! इजिप्तचं प्राचीनत्व तिथे रोज ताजं तयार होत होतं.

मराठी माणूस खरं तर बाजाराला घाबरणारा नाही. निम्म्या किमतीपासून सुरुवात करायची, तोंड वाकडं करायचं, आणि शेवटचं अस्त्र म्हणून पाठ फिरवून चार पावलं चालू लागायचं, की दुकानदार ‘अहो ताई, या इकडे’ म्हणून हाक मारतो. हे शिक्षण लहानपणी आईच्या पिशवीला धरून चालतानाच झालेलं असतं. अडचण अशी, की हे सगळं घेण्याचं शिक्षण आहे. घ्यायचंच नसेल तर काय करायचं, ते कुणी शिकवलेलं नाही. आणि कैरोच्या खान अल-खलिली बाजारात पाठ फिरवणं म्हणजे नकार नसतोच, ती पुढची बोली असते. चारशे पौंडांचा लाकडी डबा पहिल्या पावलाला तीनशे होतो, तिसऱ्याला दोनशे, आणि गल्लीच्या वळणावर दुकानदाराचा पोरगा धावत येऊन तो हातात कोंबतो. ज्याला डबा मुळात नकोच होता, तो आता दोनशेला मिळवल्याचा आनंद मानत हॉटेलवर परततो.

खान अल-खलिलीच्या गल्ल्यांना या कामाचा जवळजवळ साडेसहाशे वर्षांचा सराव आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जहारकस अल-खलिली या अमिराने व्यापाऱ्यांसाठी इथे सराई बांधली, तिचं नाव बाजाराला चिकटलं. नजीब महफूझ यांच्या एका कादंबरीचं नावही तेच आहे. १९८८ चं नोबेल मिळालेला हा लेखक ज्या अल-फिशावी कॅफेत बसायचा, तिथे आजही पुदिन्याचा चहा मिळतो. पण तिथे बसणं म्हणजे विक्रेत्यांना आयता सापडणं. पाकिटं, मण्यांच्या माळा, घड्याळं, टिश्यू पेपरचे पुडे, मेंदी काढून देणाऱ्या बायका, सगळे टेबलापाशी येऊन जातात. उठून जावं तर चहा अर्धा राहतो.

आणि नुसता माल घेऊन कुणी येत नाही. आधी ओळख काढतात. ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’ हे ऐकलं नाही असा इजिप्तहून परतलेला भारतीय सापडणं कठीण. हे प्रेम काही विक्रीपुरतं बेतलेलं नाही. तिथल्या दोन-तीन पिढ्या हिंदी सिनेमे पाहत वाढल्या आहेत, आणि २०१५ मध्ये ‘इंडिया बाय द नाइल’ महोत्सवासाठी अमिताभ कैरोला गेले तेव्हा त्यांना पाहायला झुंबड उडाली होती. त्यामुळे फसवणूक आणि आपुलकी यांची सीमा पुसट होते. कुणी ‘वेलकम टु अलास्का’ म्हणून हसवतो. कुणी काकांना विचारतो, काकूंच्या बदल्यात किती उंट देऊ? काका गंभीरपणे आकडा सांगतात, काकू डोळे वटारतात, सगळे हसतात, आणि हसून झाल्यावर दगडी मांजर नको म्हणणं फार जड जातं. वस्तूला नाही म्हणता येतं. नुकतंच ज्याच्याबरोबर हसलो त्याला कसं म्हणायचं?

इथेच मराठी सभ्यता माणसाला गोत्यात आणते. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणण्याची रीत नाही. ‘बघू’, ‘येताना घेतो’, ‘जरा यांना विचारते’ अशी वळणं घेत माणूस सुटतो, आणि समोरचाही ते समजून सोडून देतो. लुक्सॉरला हॅटशेप्सूट राणीच्या मंदिराकडे जाताना स्कार्फवाल्याला असंच हसून ‘मेबी लेटर’ म्हणून जो पुढे जातो, त्याला तासाभराने परतताना तो स्कार्फवाला शेकडो लोकांतून नेमका ओळखतो. ‘माय फ्रेंड, यू प्रॉमिस!’ त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी नाराजी असते, आणि ती सगळीच नाटकी म्हणता येत नाही. कारण त्याने मधल्या वेळात तीन गटांमागे धावणं सोडून या एका गिऱ्हाइकाची वाट पाहिलेली असू शकते. टूरची बस थांबते ती मोजकी मिनिटं. तेवढ्या वेळात कुणामागे जायचं हाच त्याचा धंदा. गोड बोलून लांबवलेला नकार आपल्याला सभ्य वाटतो. त्याला तो महागात पडतो. पहिल्याच हाकेला स्वच्छ ‘नको’ म्हणणारा उद्धट जर्मन प्रवासी त्याच्या हिशेबात जास्त भला माणूस ठरतो.

ही घाई कुठून येते, हे गेल्या काही दशकांचे आकडे सांगतात. नोव्हेंबर १९९७ मध्ये याच हॅटशेप्सूटच्या मंदिरात दहशतवाद्यांनी ६२ जणांना मारलं, त्यांतले ५८ परदेशी पर्यटक होते. लुक्सॉर ओस पडलं. ते सावरलं, २०१० मध्ये देशात सुमारे १ कोटी ४७ लाख पर्यटक आले, आणि लगेच पुढच्या वर्षी क्रांती झाली. पर्यटक एक कोटीच्याही खाली आले. २ फेब्रुवारी २०११ रोजी कैरोच्या तहरीर चौकातल्या निदर्शकांवर घोडे-उंट घालणारे जे स्वार जगाने टीव्हीवर पाहिले, त्यांतले बरेच गिझाच्या पायथ्याच्या नझलत अल-सम्मान वस्तीतले होते. पर्यटनावर पोट असलेली, आणि त्या वेळी हाताला काम नसलेली माणसं. त्या काळात पठारावरचे घोडे चाऱ्यावाचून मेल्याच्या बातम्या येत. २०१५ च्या अखेरीस सिनाईवर रशियन विमान बॉम्बने पडलं आणि २०१६ मध्ये पर्यटकांची संख्या जेमतेम ५४ लाखांवर आली. आता ती दीड कोटीच्या वर गेली आहे खरी, पण मार्च २०२४ मध्ये इजिप्शियन पौंड एका दिवसात डॉलरला ३१ वरून ५० च्या आसपास घसरला. काकूंकडून उकळलेले वीस डॉलर उंटवाल्याच्या घरी किती दिवस पुरतात, हा हिशेब काकूंनी करावा अशी अपेक्षा नाही. पण त्याने तो केलेला असतो.

सरकारला मात्र ही चिकाटी देशाची बदनामी वाटते. २०१८ मध्ये तिथल्या संसदेने पुरातन स्थळांवर पर्यटकांना त्रास देणाऱ्या विक्रेत्यांना दहा हजार पौंडांपर्यंत दंडाची तरतूद केली. एप्रिल २०२५ मध्ये गिझाला फायूम रस्त्याच्या बाजूने नवं प्रवेशद्वार आणि विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आल्या, उंट-घोडेवाल्यांना ठराविक जागा नेमून दिली गेली. गिऱ्हाईक बसमध्ये बसून समोरून निघून जाणार, म्हणून त्यांनी वाट अडवून निषेध केला. अजिंठ्याला गेलेल्यांना यात नवं काही दिसणार नाही. तिथेही वाहनं लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडे टी पॉइंटला थांबतात, दुकानांच्या रांगेतून चालत जायचं आणि मग बस पकडायची. दख्खनच्या बेसाल्टमधून निघालेला स्फटिकाचा तुकडा विक्रेता पाहुण्याच्या तळहातावर ठेवतो. ‘गिफ्ट सर, येताना माझ्या दुकानात या.’ तो पाहुणा गोरा असला की आपण बाजूला उभं राहून गालातल्या गालात हसतो.

कैरोची माणसं स्वतः कसं नाकारतात, ते फिशावीत बसून पाहण्यासारखं आहे. उजवा हात छातीवर जातो, मान किंचित झुकते, ओठांत एखादा आशीर्वाद असतो, आणि नजर पुन्हा चहाकडे वळते. पावलं चालत असतील तर ती थांबत नाहीत. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने इजिप्शियन चालीरीतींवरच्या १८३६ च्या ग्रंथात नोंदवलं आहे, की कैरोत भिकाऱ्याला परत पाठवायचं तर ‘देव तुला देईल’ अशा तऱ्हेचं काही म्हणायचं, की तो निमूट पुढे जातो. फेरीवाल्यालाही तोच मान मिळतो. वस्तूबद्दल अवाक्षर नाही, माणसाची दखल मात्र पुरेपूर. पर्यटक नेमकं उलटं करतो. वस्तू निरखतो, बोटांनी चाचपतो, आणि माणसाकडे बघायचं टाळतो. गाइडने बसमध्ये पाठ करून घेतलेलं ‘ला, शुक्रन’ तो न बघता पुटपुटतो, तेव्हा फेरीवाली पोरं त्याच सुरात ‘लाशुक्रन, लाशुक्रन’ अशी नक्कल करत बरोबर चालतात.

एक खास आपला नकार आहे, तो तर फारच धोक्याचा. ‘हे आमच्याकडे दीडशेला मिळतं.’ किंवा, ‘हे चायनाचं आहे.’ वस्तूला नावं ठेवली की सुटका होते असा आपला समज. तिथे मात्र ते वादाचं आमंत्रण ठरतं, आणि वादात विक्रेता तुमच्यापेक्षा तयार असतो. पपायरसवाल्याला ‘हे केळीच्या पानाचं’ असं म्हणून बघावं. तो लगेच चित्र गुंडाळून, सोडून, पाणी शिंपडून, उजेडासमोर धरून दाखवतो. खऱ्या पपायरसमध्ये एकमेकांवर आडव्या-उभ्या ठेवलेल्या पट्ट्या उजेडात दिसतात, आणि तो गुंडाळला तरी तडकत नाही. पपायरस बनवण्याची ही विद्या मधल्या शतकांत विसरली गेली होती. हसन रगब या माजी राजदूताने १९६० च्या दशकात तिला पुन्हा वाट काढून दिली, तेव्हा कुठे आजची ही दुकानं उभी राहिली. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर न घेता निघायला फारच कोडगेपणा लागतो.

घ्यायचं असेल तर गोष्ट सोपी आहे. आकडा आधी, चलन त्याच्याही आधी. ‘पन्नास पौंड’ ठरवून पैसे देताना ‘इंग्लिश पौंड, माय फ्रेंड’ असं ऐकलेल्यांची संख्या कमी नाही. आणि उंटावर बसायचंच असेल, तर चढणं, फिरणं आणि उतरणं तिन्हींचा मिळून भाव खाली उभं राहूनच ठरवावा.

लुक्सॉर-आस्वान क्रूझवर मात्र यातलं काहीच कामाला येत नाही. एस्नाच्या बंधाऱ्यापाशी जहाजं जलपाशातून जायला रांगेत थांबतात, आणि तेवढ्यात वल्ह्यांच्या छोट्या होड्या सरसर येऊन दोर टाकून जहाजाला बिलगतात. खालून ‘हॅलो! मॅडम! इंडिया!’ असा गजर सुरू होतो आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले गलाबिया म्हणजे पायघोळ झगे, टेबलक्लॉथ, शाली तीन-चार मजले उंच डेकवर येऊन आदळतात. नेम असा, की बहुतेक पिशव्या खुर्चीजवळच पडतात. छातीवर हात ठेवून मान झुकवली तर खालून ती दिसत नाही. दिसलीच तर मॅडम खूश आहेत असं समजून आणखी दोन पिशव्या वर येतात. घ्यायचं असेल त्याने पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे. नको असेल त्याने पिशवी परत फेकायची, आणि ती थेट होडीत पडली पाहिजे. गल्लीत क्रिकेट खेळलेले काका अशा वेळी बाह्या सरसावून पुढे येतात. काकू, वहिनी, शेजारच्या केबिनमधले इटालियन, सगळे आपापल्या पिशव्या त्यांच्याकडे सोपवतात. पहिल्या दोन बरोबर पडतात, टाळ्या होतात. तिसरी होडीच्या काठाला लागून नाईलमध्ये जाते. होडीवाला वल्ह्याने ती ओढून घेतो, भिजलेला टेबलक्लॉथ दोन्ही हातांनी वर धरून दाखवतो, आणि काकांकडे बोट करून भाव सांगायला लागतो.