ऑगस्टमध्ये कुणीच हरत नाही

अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथं नवा माणूस राहायला आला की शेजारीपाजारी त्याला दोन प्रश्न विचारतात. कोणत्या चर्चमध्ये जाता? आणि अलाबामा की ऑबर्न? पहिल्या प्रश्नाला ‘कुठेच नाही’ हे उत्तर चालून जातं. दुसऱ्याला चालत नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये मी भाचीकडे गेलो, तेव्हा बर्मिंगहॅमच्या विमानतळावर बॅग उचलू लागलेल्या गृहस्थांनी माझं नाव विचारायच्या आधी हेच विचारलं. मी उत्तर देण्यापूर्वी भाचीच मध्ये पडली. ‘ऑबर्न,’ ती म्हणाली, ‘मामा आमच्याकडे उतरलेत.’ गृहस्थांनी खेदानं मान हलवली, पण बॅग गाडीपर्यंत आणून दिली.

अलाबामा विद्यापीठ टस्कलूसा गावात, ऑबर्न विद्यापीठ ऑबर्न गावात. दोन्ही सरकारी. दोघांमधली खरी स्पर्धा आहे ती फुटबॉलची, म्हणजे अमेरिकी फुटबॉलची. अंडाकृती चेंडू, हेल्मेट घातलेले अकरा-अकरा धिप्पाड गडी आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी. मुंबईत वानखेडेवर साधारण ३३ हजार माणसं बसतात. टस्कलूसाची वस्ती लाखभर, आणि तिथल्या ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये बसायची सोयही लाखाचीच. ऑबर्नच्या जॉर्डन-हेअर स्टेडियममध्ये ८८ हजार माणसं मावतात, म्हणजे अख्खं गाव नेऊन बसवलं तरी खुर्च्या उरतील. आणि एवढं सगळं कॉलेजच्या पोरांच्या खेळासाठी! व्यावसायिक फुटबॉल, बेसबॉल किंवा बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमधला एकही संघ या राज्यात नाही. जे काही प्रेम आहे, ते या दोन कॉलेजांच्या वाट्याला आलेलं आहे.

मी चकित झालो तो मात्र खेळ पाहून नाही. ऑगस्टचे पहिले चार आठवडे या दोघांचा एकही सामना नसतो. सराव बंद दाराआड चालतो. कुणी काही पाहिलेलं नसतं आणि तरीही राज्यात दुसरा विषय नसतो. फ्लोरिडाचे जुने प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर या काळाला बोलण्याचा मोसम म्हणत. ते स्वतः या मोसमाचे बादशहा होते. ऑबर्नच्या वसतिगृहाला आग लागून वीस पुस्तकं जळाल्याचा किस्सा ते सांगत, आणि शेवटी दुःखानं जोडत, की त्यातल्या पंधरा पुस्तकांत अजून रंग भरायचे राहिले होते. तीसेक वर्षांपूर्वीचा हा टोमणा ऑबर्नची माणसं आजही स्वतःहून सांगतात. चांगल्या टोमण्याचा असा मान ठेवणारी माणसं मला फार आवडली.

जूनपासून दुकानांत हंगामपूर्व अंक येतात. त्यातला फिल स्टीलचा अंक असा भरगच्च की चष्मा लावूनही डोळे शिणावेत. पाडव्याला पंचांग काढून संवत्सरफळ वाचावं, तशी घरोघरी माणसं तो घेऊन बसतात. जुलैत या विभागाच्या, म्हणजे साऊथईस्टर्न कॉन्फरन्सच्या, सगळ्या प्रशिक्षकांना एका शहरात बोलावून चार दिवस प्रश्न विचारतात आणि अखेरीस पत्रकार विजेता कोण होणार त्यावर मत देतात. हे मत बहुतेक वर्षी चुकतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑगस्टच्या मध्याला असोसिएटेड प्रेसची पंचवीस संघांची क्रमवारी येते. ही हंगामपूर्व यादी १९५० पासून निघते आहे. २०२५च्या यादीत टेक्सस पहिलं, पेन स्टेट दुसरं, अलाबामा आठवं होतं. ऑबर्न यादीतच नव्हतं.

बर्मिंगहॅमहून ऑबर्नला जाणारा रस्ता म्हणजे हायवे २८०. त्याच रस्त्यावरच्या एका गावात न्याहारीला थांबलो. ग्रिट्स म्हणजे मक्याची घट्ट पेज, सोबत अंडी आणि पांढऱ्या ग्रेव्हीत बुडवलेलं जाड, भुसभुशीत बिस्किट. शेजारच्या टेबलावर सत्तरीचे दोन गृहस्थ बसले होते. एकाच्या डोक्यावर अलाबामाची किरमिजी टोपी, दुसऱ्याच्या अंगात ऑबर्नचा नारिंगी शर्ट. दोघे साडू. दोन बहिणींशी लग्नं झाली त्याला पन्नास वर्षं होत आली, आणि वाद तेव्हापासूनचा.

किरमिजी टोपीवाल्यांनी खिशातून सामन्यांचं छापील कार्ड काढून टेबलावर पसरलं. बारा सामने, बारा ओळी. पेन्सिलीनं एकेका ओळीपुढे ते विजयाची खूण करत गेले. फ्लोरिडा स्टेट, जिंकलो. विस्कॉन्सिन, जिंकलो. जॉर्जियाच्या ओळीवर पेन्सिल क्षणभर थबकली, मग तिथंही खूण झाली. ‘बारा–शून्य.’

‘काल दहा–दोन होतं,’ कॉफी ओतता ओतता वाढणाऱ्या बाई म्हणाल्या.

‘काल मी नीट विचार केला नव्हता.’

‘व्हँडरबिल्टचं काय?’ नारिंगी शर्टानं अगदी हळू आवाजात विचारलं.

टेबलावर शांतता पसरली. ५ ऑक्टोबर २०२४ला अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर असताना नॅशव्हिलच्या या विद्यापीठाकडून ४०–३५ असं हरलं होतं. व्हँडरबिल्ट म्हणजे अभ्यासासाठी नावाजलेलं आणि फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं मार खाणारं. त्या रात्री तिथल्या पोरांनी गोलचे खांब उपटले, मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत फेकले.

‘आणि तुमचं पाच–सात?’ उत्तर आलं. ऑबर्ननं त्या हंगामात पाच सामने जिंकून सात गमावले होते. विजयांपेक्षा पराभव जास्त, असं सलग चौथं वर्ष होतं ते. अलाबामाविरुद्ध तर सलग पाच हारी. नारिंगी शर्टानं नाकारलं काहीच नाही. ओक्लाहोमाहून आलेल्या जॅक्सन अर्नोल्ड या नव्या क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याचं, नाव मात्र त्यांनी अशा विश्वासानं घेतलं, की मला तो पोरगा त्यांचा नातू वाटला. समोरून टाय सिम्पसनचं नाव आलं. तीन वर्षं बाकावर बसून राहिला, पण दुसरं कॉलेज धरलं नाही, हे किरमिजी टोपीवाल्यांनी दोनदा सांगितलं. हल्ली खेळाडूंना कॉलेज बदलण्याची मोकळीक आहे, २०२१ पासून नावावर पैसेही मिळवता येतात. त्यामुळे एका जागी टिकून राहिलेल्या पोराचं म्हाताऱ्यांना मोठं अप्रूप. मला तो मुद्दा पटला.

मग मी परदेशी पाहुणा आहे हे कळल्यावर नारिंगी शर्टानं मिठाची बाटली उचलली. ‘हा ख्रिस डेव्हिस.’ मिरपुडीची बाटली म्हणजे अलाबामाचा किक मारणारा गडी. साखरेच्या पुड्या बाकीचे. ३० नोव्हेंबर २०१३, दोघांचे २८–२८ गुण, घड्याळात वेळ संपलेली. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी पंचांकडे एक सेकंद परत मागितला आणि तो मिळाला. त्या एका सेकंदात ५७ यार्डांवरून किक मारली, ती आखूड पडली. मैदानाच्या पार टोकाला उभ्या डेव्हिसनं चेंडू झेलला. मिठाची बाटली टेबलाच्या कडेकडेनं धावू लागली, कपाला वळसा घालून, केचपच्या बाटलीला चुकवून, १०९ यार्ड. ऑबर्न ३४, अलाबामा २८. सांगणाऱ्यांचा हात थरथरत होता. आणि किरमिजी टोपीवाले? ते बाटलीकडे पाहत होते, एकदाही मध्ये न बोलता. बाटली थांबल्यावर त्यांनी आपल्या संघातली एक साखरेची पुडी उचलली, फाडली आणि कॉफीत ओतली. ‘आता २०२३चं सांग,’ ते म्हणाले. त्या वर्षी सामना संपायला अर्धं मिनिट असताना, चौथ्या आणि शेवटच्या संधीला ३१ यार्ड हवे असताना, अलाबामानं थेट टचडाऊन केला आणि २७–२४ असा सामना नेला. तेही नारिंगी शर्टानंच सांगितलं, तितक्याच बारकाईनं. आपला पराभव समोरच्याला इतक्या नीट सांगता येणं, ही मला या माणसांची सर्वांत मोठी गोष्ट वाटली.

या भांडणाचं मूळ खोल आहे. पहिला सामना १८९३ला बर्मिंगहॅममध्ये झाला आणि ऑबर्ननं जिंकला. १९०७ नंतर खेळाडूंचा भत्ता आणि पंच यांवरून बिनसलं, ते चाळीस वर्षं एकमेकांशी खेळलेच नाहीत. १९४८ला पुन्हा मैदानात उतरायच्या दिवशी सकाळी दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थी-अध्यक्षांनी बर्मिंगहॅमच्या बागेत खड्डा खणून खरोखरीची कुऱ्हाड पुरली. दुपारी अलाबामानं ५५–० असं हरवलं.

एवढा जीव का, हे टस्कलूसाला ब्रायंट म्युझियममध्ये थोडं उलगडतं. यादवी युद्धात हरलेलं, गरीब, देशानं मागास ठरवलेलं हे राज्य. १ जानेवारी १९२६ला अलाबामा विद्यापीठाचा संघ कॅलिफोर्नियात ‘रोझ बोल’ सामन्यासाठी गेला आणि वॉशिंग्टनला २०–१९ असं हरवून आला, तेव्हा साऱ्या दक्षिणेनं मान वर केली. पुढे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी २५ हंगामांत सहा राष्ट्रीय विजेतेपदं आणली. त्यांच्या चौकडीच्या हॅटची स्फटिकातली प्रतिकृती तिथं काचेमागे ठेवली आहे. पण या अभिमानाला काळी बाजूही आहे आणि ती बोलल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. याच विद्यापीठाच्या दारात १९६३ला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला उभे राहिले. ब्रायंट यांच्या संघातही १९७० पर्यंत सगळे गोरेच. आज ज्यांच्या नावावर हे म्हातारे भाकितं करतात, त्यातले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. साठ वर्षांपूर्वी त्यांना या संघांत जागा नव्हती.

ही ईर्ष्या नेहमीच हसतमुख राहिलेली नाही. हायवे २८०वरच डेडव्हिल लागतं. २०११च्या जानेवारीत तिथला म्हणून एका माणसानं पॉल फाइनबॉम यांच्या रेडिओ कार्यक्रमात फोन केला आणि ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरच्या दोन जुन्या ओक झाडांना आपण विष घातल्याचं सांगितलं. त्याच झाडांवर विजयानंतर ऑबर्नची माणसं टॉयलेट पेपरची भेंडोळी उधळत. झाडं वाचली नाहीत आणि त्या माणसाला तुरुंगात जावं लागलं. पण तेव्हा झाडांसाठी पैसे गोळा करायला अलाबामाचेच चाहते पुढे आले. त्याच वर्षी २७ एप्रिलला वादळानं टस्कलूसा चिरडलं, राज्यात दोनशेहून अधिक माणसं गेली. त्या वेळी ऑबर्नच्या चाहत्यांनी ‘टूमर्स फॉर टस्कलूसा’ नावानं मदतीचं जाळं उभं केलं, ट्रक भरभरून सामान पाठवलं. भाचीनं त्या कोपऱ्यावर मला लिंबाचं सरबत पाजलं आणि हे सांगितलं, तेव्हा न्याहारीच्या टेबलावरचे साडू मला अधिक कळले.

तिकडे फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक टॉमी कॅस्टेलानोस जूनमध्येच बोलून बसला होता, की अलाबामाला वाचवायला आता निक सेबन नाहीत आणि ते आपल्याला रोखतील असं काही दिसत नाही. सेबन २०२४च्या जानेवारीत निवृत्त झाले होते. पण फ्लोरिडा स्टेट आदल्या हंगामात बारांपैकी दहा सामने हरलेलं! अख्खं राज्य या वाक्यावर चिडलं होतं. शुक्रवारी २९ ऑगस्टला ऑबर्ननं बेलरला ३८–२४ असं हरवलं. आमच्या मराठी पोरांनी त्या दिवशी गणपतीची आरती लवकर घेतली आणि नारिंगी टी-शर्टांतच प्रसाद वाटला. शनिवारी कॅस्टेलानोसनं बोललेलं करून दाखवलं. फ्लोरिडा स्टेट ३१, अलाबामा १७. त्याच दिवशी अव्वल क्रमांकाचं टेक्ससही ओहायो स्टेटकडून १४–७ असं हरलं.

पुढचं मला भाचीच्या फोनवरून कळत गेलं. फ्लोरिडा स्टेटची अखेर पाच–सात अशी झाली. पहिल्याच दिवशी ज्याला सगळ्यांनी निकालात काढलं, ते अलाबामा सलग आठ सामने जिंकून विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि तिथं जॉर्जियाकडून हरलं. ऑबर्ननं हंगामाच्या मध्यातच प्रशिक्षक काढला. २९ नोव्हेंबरला ऑबर्नच्या मैदानावर अलाबामा २७, ऑबर्न २०. राष्ट्रीय विजेतेपद गेलं इंडियानाकडे. हंगामपूर्व यादीत ते विसावं होतं आणि आजवर एकदाही विजेता झालं नव्हतं. त्या न्याहारीच्या टेबलावर कुणी त्याचं नावही काढलं नव्हतं.

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणारे आपले लोक नायगारा पाहतात, न्यूयॉर्क पाहतात आणि परत येतात. कुणी दक्षिणेत असेल तर ऑगस्टमध्ये जा. सामन्याचं तिकीट महाग असतं, पण बोलण्याला तिकीट नाही. हायवे २८०वर कुठल्याही गावात सकाळी न्याहारीला थांबा, कुणीतरी विचारेलच. अलाबामा म्हणा किंवा ऑबर्न म्हणा, पण एक काहीतरी म्हणा. मग खुर्ची सरकवून तुम्हाला जागा करून देतील.