बांधावरचा टॅब

मे महिन्यात परभणीच्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पऱ्हाट्या उपटून झालेल्या, पेरणी अजून लांब. रान मोकळं, म्हणून मोजणीचे दिवसही हेच. दुपारी पारा ४३-४४ अंशांना टेकतो. अशा उन्हात भूकरमापक बांधाशी येऊन माणसापेक्षा थोडी उंच काठी उभी करतात. हा रोव्हर. काठीच्या टोकाला उपग्रहांचे संदेश झेलणारं यंत्र, आणि छातीच्या उंचीवर, चिमट्यात आवळलेला, टॅब.

देखणा म्हणावा असा तो नाही. अंगानं जाडजूड, रंगानं काळपट, कोपऱ्यांवर रबराची जाड कड. चार्जिंगच्या भोकावर घट्ट झाकण. हातात घेतला की आधी वजन जाणवतं. आत पंखा नाही, हवेला फट नाही. अंगातली उष्णता तो पाठीवाटे बाहेर टाकतो. फट ठेवली असती तर वाऱ्यासोबत माती आत गेली असती.

त्याच्या अंगावर ‘आयपी ६७’ असं लिहिलेलं असतं. यातला ६ सांगतो की धूळ आत शिरणार नाही. ७ सांगतो की मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी पाणी आत जाणार नाही. दुसरी कसोटी अमेरिकी सैन्याची, ‘मिल-एसटीडी-८१०’. तिच्यात चार फुटांवरून २६ वेळा आपटून पाहतात. सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे, प्रत्येकावर एकेकदा. काठीवरचा टॅब ढेकळांत पडतो तो साधारण तेवढ्याच उंचीवरून.

घरातल्या टॅबची गोष्ट वेगळी. बाजारातल्या कित्येक नावाजलेल्या टॅबना त्यांचे निर्मातेच ३५ अंशांची मर्यादा घालून देतात. आमच्याकडं ३५ अंश होळीच्या आसपासच होतात. एकदा भर दुपारी शेतात माझा फोन तापून बंद पडला, आणि ‘उन्हात कशाला नेला?’ असं मलाच ऐकावं लागलं. रानात राबणाऱ्याच्या हाती सावलीतली वस्तू द्यायची आणि ती बिघडली की दोष त्यालाच द्यायचा, हा अन्याय आहे. हा टॅब तो अन्याय करत नाही. पन्नास अंश गृहीत धरूनच त्याला घडवलेलं असतं.

त्याच्या घराण्यातली सगळ्यात जुनी म्हणजे साखळी. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. तेहतीस बाय तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आपला हिशोब अजूनही तोच आहे. पण साखळीचा ताण कमीजास्त झाला की आकडा हलायचा, आणि आकडा हलला की भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद व्हायचं. साखळीनंतर फलकयंत्र आलं, मग ईटीएस म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, आणि आता रोव्हर. सर्व्हे ऑफ इंडियानं राज्यात ७७ कायमची केंद्रं उभारली आहेत. उपग्रहाच्या संदेशात किती चूक येतेय हे ती केंद्रं सतत ताडत असतात आणि ती दुरुस्ती मोबाइलच्या जाळ्यावरून बांधापर्यंत पोचते. फोनचा नकाशा जिथं काही मीटरनं चुकतो, तिथं हा काही सेंटिमीटरपर्यंत येतो.

त्याचा मला सर्वांत आवडलेला गुण म्हणजे खरेपणा. आकाश मोकळं असलं की पडद्यावर ‘फिक्स’ येतं. दाट लिंबाखाली गेला, रेंज तुटली, की तो ‘फ्लोट’ दाखवतो. म्हणजे आता माझ्या आकड्यावर विसंबू नका. मग सगळे थांबतात. ‘आला का फिक्स, साहेब?’ कुणीतरी विचारतं. तो येईपर्यंत खूण होत नाही.

पाऊस मात्र त्याला जड जातो. पाणी आत जात नाही, पण काचेवरचे थेंब त्याला बोटासारखे वाटतात आणि पडदा भलतीकडेच धावतो. मग कुणीतरी उपरण्यानं काच पुसून देतं.

पण त्याचं खरं मोल कळतं ते उन्हात. साध्या टॅबपेक्षा त्याचा पडदा कितीतरी प्रखर असतो. त्यामुळं आकडा बघायला कुणाला झाडाखाली जावं लागत नाही. मोजणी मागणारा, शेजारचा बांधकरी, दोघांची पोरं, काठी टेकत आलेले आजोबा, सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. ‘इकडं दावा बरं,’ आजोबा म्हणतात, आणि टॅब त्यांच्याकडं वळतो. पूर्वी वहीत उतरणारा आकडा आता बांधावरच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उमटतो.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातात नाही. काठी जिथं टेकवाल तिथलंच माप तो देणार. जुना दगड कुठं होता, नकाशा काय सांगतो, हे माणसांनीच खरेपणानं पाहायचं असतं. म्हणून मोजणीची नोटीस आली की डोक्याला रुमाल बांधून स्वतः बांधावर जा. नोटीस शेजाऱ्यालाही मिळते, तरी त्याला आपण होऊन हाक मारा. ‘फिक्स’ आलाय हे दोघांनी मिळून पडद्यावर वाचा, आणि मगच खुणेचा दगड रोवू द्या.