दारावरचा डोळा

पुण्यांतील आमच्या गृहसंस्थेच्या फाटकावर कॅमेरे बसले, आणि आम्ही निर्धास्त झालों. चोर सांपडावा हा हेतु रास्तच. परंतु चोर क्वचित् येतो, मोलकरीण रोज येते. जुना रखवालदारहि तिला पाहत असे. पण पाहणारा कोण हें तिला ठाऊक असे, आणि पाहिलेलें तो विसरतहि असे. यंत्र मात्र डिस्क भरेपर्यंत सारें जपून ठेवतें, आणि पडद्यासमोर कोण बसलें आहे हें तिला कळत नाहीं. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क एकमतानें मानला. तो केवळ सदनिकाधारकांचा नव्हे. चित्रण कोणीं पाहावें व केव्हां पुसावें, हें सभेनें ठरवावें. आणि त्या सभेंत तिलाहि बोलवावें, असें आम्हांस वाटतें.