अठरा तासांची खोली

एप्रिल जवळ आला की बऱ्याच कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यास. सकाळी सहाला वाचनालय उघडतं, रात्री बाराला बंद होतं. मधे चहा, वडापाव, एखाद्या पाहुण्याचं भाषण आणि शेवटी प्रमाणपत्र. हा उपक्रम आता महाराष्ट्रभर रुळला आहे. मी मानखुर्दला राहतो, उपनगरातल्या एका कॉलेजात सकाळच्या सत्रात कॉमर्स शिकवतो, आणि त्या दिवशी देखरेखीला बसतो.

दुपारी दोनच्या सुमाराला अर्धी मुलं टेबलावर डोकं टेकून झोपलेली असतात. संयोजक पोरं मग फिरून एकेकाचा खांदा हलवतात. मला हे उठवणं कधी पटलेलं नाही. कधी नव्हे ती पंख्याखाली निवांत झोपली आहेत, झोपू द्या की. एका वर्षी कार्यक्रम आटोपताना शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला विचारलं, काय काय वाचून झालं? ती म्हणाली, "वाचलं असं फार नाही, सर. पण सकाळपासून मला कुणी हाक मारली नाही."

ती राहायला मानखुर्दच्याच लल्लूभाई कंपाउंडात. रुळांलगतच्या आणि रस्त्याच्या कामात तुटलेल्या झोपड्यांतली कुटुंबं मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात इथे आणून वसवली गेली. २२५ चौरस फूट. माणशी नव्हे, कुटुंबागणिक. त्यात आईवडील, भावंडं, आजी, टीव्ही, शिलाई मशीन, आणि कोपऱ्यात जी कुणी कॉलेजला जाते ती. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूब लावावी लागते. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचा एक अभ्यास २०१८ साली बाहेर आला. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन वसाहतींत उजेड-वाऱ्याची वानवा आणि क्षयरोग यांचा कसा संबंध आहे, ते त्यात मांडलं होतं. ज्या हवेत फुप्फुसं टिकत नाहीत, तिथे कॉस्टिंगचा धडा किती टिकणार? पण कॉलेजात हा विषय 'मुलांमध्ये जिद्द कमी पडते' या सदरात मोडतो.

पाहुण्यांच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, तुम्हाला चार तासही बसवत नाही? मुलं माना खाली घालतात. मला मात्र धनंजय कीरांच्या चरित्रातली परळची खोली आठवते. चाळीतली एकच खोली, सामानसुमानाने आणि धुराने भरलेली. सुभेदार रामजी मुलाला संध्याकाळी लवकर झोपायला लावत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. दोनला त्याला उठवायचं आणि रिकाम्या झालेल्या जागेवर आपण आडवं व्हायचं. मग उशाशी जातं, पायाशी शेळी आणि मिणमिणती चिमणी अशा थाटात भीमराव वाचायला बसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. भाषणांत या गोष्टीतला दोनचा आकडा तेवढा उरतो. मुलगा त्याआधी झोपलेला होता हे कुणी सांगत नाही, आणि त्याच्या झोपेसाठी घरातलं एक मोठं माणूस रोज ताटकळत होतं हे तर नाहीच नाही. मला ही जागरणापेक्षा झोपेच्या वाटणीची गोष्ट वाटते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी ठेवले. नोकरदार मुलाला उपदेश करण्याऐवजी घड्याळ त्याच्या बाजूला वळवून दिलं. आमचं सकाळचं सत्र त्याच वाटेवरचं. त्यामागचा विचार मात्र कुठेतरी गळून पडला.

'बर्नआउट' हा शब्द आता प्रत्येक रीलमध्ये असतो. तो मानसशास्त्रात आणला न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ च्या एका लेखात. दिवसभर स्वतःचे रुग्ण तपासून ते रात्री गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात काम करायला जात, आणि तिथल्या स्वयंसेवकांसारखे आपणही आतून विझत चाललोय हे त्यांच्या ध्यानात आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या केली ती कामाच्या ठिकाणापुरती. विद्यार्थी त्यात बसत नाहीत म्हणे. व्याख्या करणाऱ्यांनी मानखुर्द स्टेशनवर सकाळी साडेसहाला उभं राहून बघावं. पनवेल-वाशीहून भरून आलेल्या गाडीत जी पोरं घुसतात, ती साडेअकरापर्यंत विद्यार्थी असतात आणि बारापासून कामगार. कुणी वाशीच्या मॉलमध्ये उभं, कुणी कुर्ल्याला हेडफोन लावून कर्जाचे हप्ते मागतंय, कुणी रात्री डिलिव्हरीच्या पिशवीसकट लिंक रोडच्या पुलावर. नव्या शैक्षणिक धोरणानंतर त्यांच्या वाट्याला प्रोजेक्ट आले, इंटर्नल आल्या आणि ऑन जॉब ट्रेनिंगही आलं. रोज आठ तास पायांवर उभ्या राहणाऱ्या मुलाला आम्ही कामाचा अनुभव घ्यायला पाठवतो. असो.

आळस आणि हा थकवा यांत फरक कसा करायचा, असं नवे शिक्षक विचारतात. माझी खूण साधी आहे. आळशी पोरगा तास बुडवून क्रिकेटला पळतो. थकलेल्याचं क्रिकेटही सुटतं. आधी डबा तसाच परत जायला लागतो, मग मित्रांवर खेकसणं सुरू होतं, आणि शेवटी तो अगदी शांतपणे म्हणतो, "पास झालो काय नि नापास झालो काय, सर." या शांतपणाची मला धास्ती वाटते. अशा वेळी प्रेरणेचं बोलणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला धावण्याचे फायदे सांगणं. तेव्हा मी हजेरीचा विषय बाजूला ठेवतो आणि झोप किती होते ते विचारतो. बोलणं जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या दिशेने जातंय असं वाटलं तर त्याच्यासमोरच १४४१६ फिरवतो. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं. टाटा समाजविज्ञान संस्था तर मानखुर्दहून एका स्टेशनावर, देवनारला. मनाच्या आरोग्याबद्दल तिथे पिढ्या शिकल्या, आणि ती आहे त्याच एम पूर्व विभागात, जो २००९ च्या मुंबईच्या मानव विकास अहवालात सगळ्या विभागांच्या तळाला होता.

मुलांनी आपापली शहाणपणं शोधलेली असतात, ती आम्हाला दिसत नाहीत. सहा विषयांपैकी चार नीट काढायचे आणि दोन एटीकेटीवर टाकायचे, असं एकाने सेमिस्टरच्या सुरुवातीलाच ठरवलं होतं. स्टाफरूममध्ये यावर बराच गहजब झाला. मला तो हिशेब पक्का वाटला. सहाही विषय धरून ऑक्टोबरात कॉलेजच सोडणारे मी जास्त पाहिलेत. एक मुलगी शुक्रवारी काम घेत नाही, पगार कापला गेला तरी. दोघी मैत्रिणी एकमेकींच्या घरी आलटून पालटून जातात. जिच्या घरी पाहुणी असते तिला त्या दिवशी भांडी सांगत नाहीत. ही युक्ती कुठल्याच मोटिव्हेशनच्या पुस्तकात सापडायची नाही.

त्या मुलीच्या हाक न मारल्याच्या उत्तरानंतर मी कॉलेजकडे अर्ज दिला. एप्रिलमधल्या एका दिवसाचे अठरा तास राहू देत, वर्षभर रोज एक वर्ग रात्री दहापर्यंत उघडा ठेवा. अभ्यास केलाच पाहिजे अशी अट नको, झोपलेल्याला उठवायचं नाही. बैठकीत विजेचं बिल निघालं, मुलींची जबाबदारी कोणाची हे निघालं, "मग ते मोबाइलच बघत बसतील" हेही निघालं. शेवटी आठवड्यातले दोन दिवस मिळाले, साडेसातपर्यंत. मॉलवाली मुलं त्या वेळेत येऊच शकत नाहीत, तरी खोली रिकामी नसते. डिलिव्हरीवाले दोघं कामावर जाण्याआधी तासभर टेकून जातात. वेळ वाढवायला प्राचार्यांची आता ना नाही. अडलंय ते वॉचमनच्या ओव्हरटाइमवर. तो स्वतः मंडाळ्याला राहतो, त्याचा मुलगा बारावीला आहे, आणि त्याने मला सरळ विचारलं की रात्री दहापर्यंत मी इथे बसलो तर त्याच्याकडे कोण बघणार.