पाय मुलांचे, घसा आमचा

फुटबॉल हा पायाने खेळायचा खेळ आहे, असे पुस्तकांत म्हटलेले असते. त्या पुस्तकांच्या लेखकांनी जामनेरला येऊन लहान मुलांचा सामना पाहिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे तो घशाने खेळतात; आणि तोही रेषेबाहेर उभे राहून, पालकांनी.

आमच्या पिढीचा देव क्रिकेट आणि कुलदैवत कबड्डी. फुटबॉल हा पाहुणा. १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘मिशन वन मिलियन’ काढले आणि एकाच दिवशी राज्यातल्या १० लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असे ठरवले. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा पुढच्याच महिन्यात भारतात व्हायची होती, त्याची ही वाजंत्री. मुलांना खेळायला चेंडू मिळाला आणि पालकांना ओरडायला विषय.

तुम्हाला सांगतो, आमच्या काउंटरसमोर अर्धा अर्धा तास मुकाट उभी राहणारी सज्जन माणसे मैदानावर ओळखू येत नाहीत. वडील ओरडतात, “मार!” काका ओरडतात, “पास दे!” आई ओरडते, “अरे, मागे ये, पडशील!” आणि सर काय ओरडतात ते कुणालाच ऐकू येत नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या हाती एकच चेक, त्यावर सह्या चार, आणि एकही जुळत नाही. बँक असा चेक सरळ परत करते. पोराला ती सोय नाही. ते बिचारे जागच्या जागी उभे राहते आणि चेंडू दुसराच कुणी घेऊन जातो.

त्यात गोलाचे माप पाहा. रीतसर गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. आमच्या घराची दर्शनी बाजूदेखील एवढी नाही. त्यात साडेचार फुटांचा गोलकीपर उभा करायचा आणि ‘अडव’ म्हणायचे! लहानांना लहान मैदान, चार नंबरचा चेंडू आणि एका बाजूला पाच-सात गडी एवढे पुरते. प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ साली ‘गोल्डन बेबी लीग’ काढली ती याच हिशेबाने. आमच्या गल्लीतल्या पोरांना हे आधीपासून ठाऊक आहे. ती दोन विटा ठेवतात आणि खेळ सुरू करतात.

खरी परीक्षा गावाबाहेर. आमचा धाकटा दोनदा टीमबरोबर जळगावला गेला. पहाटे उठणे, एस.टी., डब्यात पोळी-भाजी, पिशवीत डझनभर केळी. दोन्ही वेळा त्याने पूर्ण सामना पाहिला, बाकावरून. पहिल्या वेळी तो म्हणाला, “मजा आली, खिडकीची जागा मिळाली.” दुसऱ्या वेळी काहीच म्हणाला नाही. तिसऱ्या वेळी त्याचे पोट दुखू लागले.

“संध्याकाळी गल्लीत अंधार पडेस्तोवर खेळतो, तेव्हा बरं दुखत नाही,” आमची ही म्हणाली.

त्यावर औषध डॉक्टरांकडे नव्हते. आम्ही चार पालक मिळून सरांकडे गेलो. “भाऊ, जिंकलो नाही तरी चालेल, पण नेलेलं प्रत्येक पोर अर्धा सामना तरी खेळू द्या,” असे सांगितले. सर म्हणाले, “चालेल. पण मग तुम्ही ओरडायचं नाही.” सौदा महागात पडला, पण ठरला. आता आम्ही फक्त टाळ्या वाजवतो, त्याही दोन्ही बाजूंसाठी. परतीच्या एस.टी.त सामन्याचा विषय पोरांनी काढला तरच निघतो.

हरलेल्या सामन्यात काय ठेवलंय, असे कुणी म्हणेल. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत भारताची पोरे कोलंबियाकडून २-१ अशी हरली. पण त्यातला एक गोल जॅक्सन सिंगचा होता, फुटबॉलच्या विश्वचषकात भारताने केलेला पहिला. लोकांनी तोच लक्षात ठेवला.

परवा धाकटा आपणहून म्हणाला, “बाबा, आज माझ्या पायाला बॉल अकरा वेळा लागला.” गोल किती झाले, ते मी विचारले नाही. पोर मोजते आहे, म्हणजे खाते चालू आहे. व्याजाचे पुढे पाहू.