नवा रंग, पण जुनाच हवा!

सॅन फ्रान्सिस्कोला ऑफिसच्या कामानं गेलात, तर एक दुपार खाडीपलीकडच्या अलामेडासाठी राखून ठेवाच. तिथल्या 'पॅसिफिक पिनबॉल म्युझियम'मध्ये एकदाच तिकीट काढायचं, मग हवं तितकं खेळायचं. मी मात्र खेळ सोडून मशीनच्या पेट्याच न्याहाळत बसलो. १९६०च्या दशकात शिकागोच्या कारखान्यांत लाकडी पेटीवर आधी फिकट बेस मारायचे, त्यावर बऱ्याचदा रंगाचे शिंतोडे, मग स्टेन्सिल ठेवून एकेक रंग फवारायचे. सगळा घाईचा मामला! रंग स्टेन्सिलखाली शिरायचा, कडा धूसर व्हायच्या. आज तीच पेटी रंगवताना मास्किंग टेप लावून कडा धारदार केल्या, की संपलंच... मशीन कालचं वाटतं बॉस! म्हणून जाणकार स्टेन्सिल किंचित उचलूनच धरतात. मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक असेल, तर मात्र स्प्रेगनला हातच लावू नये, असं माझं मत.